चमचाभर जितं पीठ

पावसाला कवी मिळाले, थंडीला हुरडा मिळाला, उन्हाळ्याला आंबा मिळाला. ऑक्टोबरच्या वाट्याला काय आलं, तर घामोळं. मुंबईत या महिन्याला धड मराठी नावसुद्धा कोणी दिलं नाही. ‘ऑक्टोबर हीट’ म्हणायचं आणि पंखा पाचावर न्यायचा. मला मात्र हा महिना आवडतो. असं म्हटलं की लोक माझ्याकडे जरा काळजीनेच बघतात. पण मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली बाई आहे, आणि माझ्या आईने तिची सगळ्यात मोठी लढाई ऑक्टोबरात जिंकली. चाळीसएक वर्षांनी त्याच समुद्राकाठी, त्याच महिन्यात मीही एक जिंकले. तेव्हा ऑक्टोबरची बाजू कोणीतरी घ्यायला हवी, ती मी घेते.

यंदा हवा तापायला लागली तेव्हा मी गिरगावातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काचेच्या टाक्यांपुढे उभी होते. प्रवाळांच्या अंगावर राहणारे जिवाणू हा माझा विषय. प्रवाळ म्हटलं की लोकांना अंगठीतलं लाल पोवळं आठवतं, नाहीतर टीव्हीवरचा निळाशार समुद्र. आपल्या मुंबईच्या गढूळ पाण्यात, खडकांना चिकटून प्रवाळ राहतात यावर कोणाचा विश्वास बसत नाही. पण राहतात. ओहोटीला वरळीच्या खडकांवर वाकून पाहिलं तर तळहाताएवढे मळकट, हिरवट-तपकिरी ठिपके दिसतात. पाय पडला तरी कळू नये असे. किनाऱ्यालगत बांधकाम निघालं तेव्हा परवानग्या घेऊन असे काही दगड उचलले गेले आणि त्यातले थोडे आमच्याकडे सांभाळायला आले. ऑक्टोबर पार करून ते जिवंत परत सोडायचे, एवढंच काम होतं.

एवढंच, म्हणजे नाकी नऊ आणणारं. पावसाळ्यात जरा निवलेला आपला समुद्र ऑक्टोबरात पुन्हा तापतो, आणि हल्ली तो पूर्वीपेक्षा जास्तच तापतो. प्रवाळ म्हणजे इवल्या इवल्या प्राण्यांची चाळच. भिंतीला भिंत लावून सगळे राहतात. त्यांच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो आणि त्या थरात जिवाणूंची वस्ती. त्यातले कितीतरी भले असतात. बाहेरच्या दांडग्या जिवाणूंना दारातच अडवतात. पाणी तापलं की या भल्यांची संख्या रोडावते आणि एरवी कोपऱ्यात दबून असलेले उपद्रवी हातपाय पसरतात. प्रवाळाच्या आत राहून त्याला अन्न आणि रंग देणारं शेवाळही वैतागून घर सोडतं. प्रवाळ पांढरा पडतो. पांढरा म्हणजे स्वच्छ नव्हे. पांढरा म्हणजे उपाशी.

हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. शिकवताना पोरांना वाटतं, मॅडमना एवढं भरून का येतं? आता त्यांना काय सांगू की मॅडमच्या डोळ्यांपुढे प्रवाळ नसतो, ॲल्युमिनियमचा एक टोप असतो.

गिरणी-संपाच्या वर्षातला ऑक्टोबर असा होता, की गिरणगावाला आवाजच नव्हता. पहाटेचा भोंगा नाही, पाळी सुटल्यावरची चपलांची फरफट नाही. लोक उगाच लवकर उठायचे आणि मग उठून काय करायचं ते न कळून गॅलरीत उभे राहायचे. दादा, म्हणजे माझे वडील, रिंगखात्यात होते. सूत कातणारी माणसं. रिकामी बसली की त्यांची बोटं मांडीवर आपोआप हलायची, तुटलेला धागा जोडल्यासारखी. आई ते बघायची आणि मान वळवायची. तोवर आमच्या खोलीतलं किडूकमिडूक संपून गेलं होतं आणि चूल पेटती ठेवणं आता आईच्या एकटीच्या अंगावर आलं होतं.

त्याआधी, श्रावणाच्या सुमाराला, बायकांचा एक मोर्चा निघाला होता. लाटणी घेऊन. आई त्यात गेली होती, मलाही नेलं होतं. दुपारी सगळ्या जणी फुटपाथवर बसल्या. आईच्या शेजारी एक धिप्पाड बाई बसली. आमच्या चाळीपुढच्या मैदानापलीकडे मालवण्यांची चाळ होती, तिथल्या परबकाकू. त्यांचे यजमान दादांच्याच गिरणीत, पण साचाखात्यात, कापड विणणाऱ्या मागांवर. हे ‘पण’ साधं नव्हतं. आमच्या लोकांना पूर्वी साच्यांवर घेतच नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाशी जाई. आमची थुंकी त्यांना चालणारी नव्हती. दादांच्या काळापर्यंत हे पुष्कळ सैल झालं होतं, तरी खाती ठरून गेलेली होती. तर त्या परबकाकूंनी डबा उघडला, पांढऱ्या जाळीदार आंबोळीचे दोन तुकडे केले आणि एक आईपुढे धरला.

“खा गो. बगतंस काय?”

आईने खाल्लं. आम्ही सातारकडचे, आमच्याकडे भाकरी. आंबोळी आईने जन्मात खाल्ली नव्हती. तिने तोंडातला घास संपायच्या आत विचारलं, “कसं करत्यात वो हे?”

“तांदूळ नि उडदाची डाळ. वाटूचां नि रातभर ठेवूचां. दुसरां काय नाय.”

त्या ‘दुसरां काय नाय’ने पुढे आमची कशी फजिती केली, ते सांगतेच. पण आईचं डोकं तिथेच चाललं होतं. मैदानाच्या कोपऱ्यावर सकाळी डेपोत जाणारे कंडक्टर, दूधकेंद्राची रांग, इस्पितळातून रात्रपाळी करून परतणाऱ्या नर्सबाया. यांतल्या निम्म्याअर्ध्यांना गरम आंबोळी आपल्या गावाची आठवण करून देणार. आठवड्याभरात आईने कोपऱ्यावर गाडा लावून रॉकेलचा स्टो मांडला, त्यावर मागून आणलेला बिडाचा तवा. पीठ वाटायचं काम दादांनी अंगावर घेतलं. रगडा धरून बसले की त्यांची बोटं शांत व्हायची. घराला अचानक एक वास आला, रात्रभर हळूहळू वर येणाऱ्या पिठाचा. मला अजूनही जगातला सगळ्यात आश्वासक वास तोच वाटतो.

आणि आई टोप घासायची. असा घासायची की काय सांगू! विकून झालं की राख, काथ्या, मग उकळतं पाणी, मग पुन्हा राख. टोपात तोंड दिसलं पाहिजे. सकाळी गाडा मांडताना ती टोप मुद्दाम गिऱ्हाइकांकडे कलता ठेवायची, आतल्या काठाची लकाकी दिसावी म्हणून. मी एकदा म्हटलं, “आई, कालच तर घासलास.” ती म्हणाली, “सुमे, आपल्या हातचं खाताना मानसं आधी भांडं बघत्यात.” दहा वर्षांच्या मुलीला हे वाक्य पुरतं कळलं नाही. पण आई ते ज्या स्वरात म्हणाली, त्यावरून पुन्हा विचारायचं नाही एवढं कळलं.

उरलेला पावसाळा सगळं छान चाललं. मग तो ऑक्टोबर आला. रात्रीसुद्धा भिंती हाताला गरम लागायच्या. एके सकाळी आईने टोपाचं झाकण काढलं आणि तिचा चेहराच उतरला. पीठ वर आलं होतं, पण तार सुटत होती आणि वास वेगळा होता. आंबट नव्हे, कुबट. पण टाकायचं कसं? घरात दुसरं काहीच नव्हतं. तिने जरा मीठ वाढवलं आणि गाडा मांडला. पहिल्याच गिऱ्हाइकाने घास थुंकला. आई काही बोलणार तेवढ्यात तो आपल्या सोबत्याकडे बघून म्हणाला, “शेवटी…” आणि हात झटकून निघून गेला. पुढचं वाक्य त्याने म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं, आईने ऐकलं, मीही ऐकलं. रांग पांगली.

त्या दिवशी आईने टोप तीन वेळा घासला. दुसऱ्या दिवशी पीठ आणखी बिघडलं. तिसऱ्या दिवशी गाडाच मांडला नाही. मला तेव्हाही समजत होतं, की प्रश्न नुसता पोटाचा राहिला नव्हता. पोटाची आम्हाला सवय होती. दोन महिने लोकांनी आईच्या हातचं मिटक्या मारत खाल्लं होतं, वरळीच्या भर चौकात, दिवसाढवळ्या. आता ते पुन्हा कधीच खाणार नाहीत, हे तिला सहन होत नव्हतं.

दुपारी परबकाकू आल्या. मैदान ओलांडून, पदराआड काहीतरी धरून. दारातून आत आल्या, ओट्यावर पालथा घातलेला लखलखीत टोप पाहिला आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

“अगो बाये माजे! टोप घासलंस?”

“मग? घासायचा न्हाई तर काय करायचं?”

“पिठाचो टोप घासूचो नसता गो! इसळूचो नि त्यातच परत घालूचां.”

हे त्यांनी पहिल्या दिवशी का सांगितलं नाही? कारण त्यांच्या घरी हे कोणी कोणाला सांगतच नाही. माशाला पाणी ओलं असतं हे सांगतं कोण? पदराआडून त्यांनी एक वाटी काढली. वाटीत त्यांच्या टोपातलं जुनं पीठ. ताज्या पिठात यातलं चमचाभर घाल म्हणाल्या.

आईने वाटी घेतली नाही. तिचा चेहरा दगडासारखा झाला. गावाकडे तिच्या आजीला दारोदार फिरून शिळे तुकडे आणावे लागत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तिच्या आईने तो रिवाज मोडला आणि शपथ घातली, की या घरात शिळं शिरणार नाही. “काकू,” आई म्हणाली, “शिळं आमी लई खाल्लं. आता मी दुसऱ्याला शिळं वाढायची न्हाई.”

परबकाकूंना ते कळलं असावं. चाळीत राहून काय कळत नाही? मग त्यांनी वाटीत बोट बुडवलं आणि आईच्या नाकापुढे धरलं.

“शिळां न्हय गो ता. जितां आसा. वास घी.”

आईने वास घेतला. खूप वेळ घेतला. मग वाटी हातात घेतली.

आज मी त्या वाटीत काय होतं ते सांगू शकते. दुधाचं दही करणाऱ्यांची भावंडं होती ती, आंबट करून पीठ राखणारी. राखेने आणि उकळत्या पाण्याने आई रोज त्यांनाच हाकलून देत होती आणि तापलेल्या रात्रीत मोकळं घर उपद्रव्यांच्या हाती सोपवत होती. परबकाकूंच्या चाळीतल्या कुठल्याही बाईने ही चूक केली नसती. तिला चकाकी सिद्ध करून दाखवायची गरजच पडली नसती. आईला पडली होती. तिच्या टोपाची लकाकी ही तिची नव्हे, बघणाऱ्यांची चूक होती. यावर मला आजही राग येतो, आणि यायलाच हवा.

दुसऱ्या सकाळी पीठ असं फुललं की झाकण उचललं गेलं. चौथ्या-पाचव्या दिवशी रांग परत लागली, कारण माणूस कितीही नाक मुरडो, सकाळी भूक लागतेच. आई टोप आता नुसता विसळायची, आणि काठाला चिकटलेलं पीठ दिसू नये म्हणून बाहेरून मात्र घासायची. अगदी सगळंच कोण सोडतं?

आणि मग दिवाळीच्या तोंडावर ते घडलं. परबकाकूंचे दीर गावी वारले. सुतकात त्यांच्या घरातलं रांधलेलं-भिजवलेलं सगळं टाकून दिलं गेलं, त्यात तो टोपही रिकामा झाला. सुतक फिटल्यावर एका सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, त्या मैदान ओलांडून आल्या. या वेळी पदराआड काही नव्हतं. रिकामी वाटी सरळ हातात. रांगेच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “माजां पीठ सोपलां गो. तुज्या टोपातलां चमचाभर दी.”

तवा चरचरत होता. रांगेत त्यांच्याच चाळीतली एक बाई होती. ती घाईघाईने म्हणाली, “काकू, असं काय करता? आमच्याकडनं घ्या की. आमच्याकडे पण पीठ आहे.”

“तुजां तुका ऱ्हवांदे,” परबकाकू म्हणाल्या. “माजां हिच्याकडे आसा.”

आईने पळी बुडवली. ती हसत होती. तिने चमचाभर नव्हे, पळीभर वाढलं. परबकाकू वाटी सगळ्यांना दिसेल अशी छातीशी धरून मैदानाच्या मधून चालत गेल्या, कडेच्या वाटेने नाही. मी आईचा चेहरा बघत होते. मी पुढे पदव्या घेतल्या, टाळ्या घेतल्या, शाली घेतल्या. पण जिंकणं म्हणजे काय असं कोणी विचारलं, तर मला तो चेहरा दिसतो.

आता ऐका माझा प्रताप. गेल्या ऑक्टोबरात प्रवाळांची पहिली तुकडी आमच्याकडे आली, तेव्हा मी काय केलं असेल? प्रत्येक दगड गाळलेल्या, निर्जंतुक पाण्यात खळखळून धुतला. अंगावरची बुळबुळ जाईपर्यंत. टाक्या अशा घासल्या की काच आहे की नाही हे हात लावून बघावं. आईचीच मुलगी मी. पाणी समुद्राइतकंच उबदार ठेवलं होतं, कारण दगडांना परत तिथेच जायचं होतं. हवा तापली, पाणी तापलं आणि प्रवाळ एकेक करून पांढरे पडले. एका सकाळी मी टाकीचं झाकण उचललं आणि तो वास आला. कुबट. खारट पाण्याखालून आलेला, पण तोच.

मी स्टुलावर बसले आणि हसायला लागले. शेजारच्या टेबलावरचे सहकारी धावत आले, त्यांना वाटलं बाईंना ऊन लागलं. प्रवाळांना भले जिवाणू पुरवून बघावं, यावर जगभरातली माणसं डोकं लावत आहेत, ते सगळं मी वाचलेलं होतं, शिकवतही होते. फक्त माझ्याच हाताने धुऊन गटारात काय गेलं, ते मला दिसलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण ते दगड तर गेलेच होते. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात. मी तर पुढचं वर्षभर पाणीसुद्धा फुंकून प्यायले.

यंदा नवे दगड आले, ते मी धुतले नाहीत. ओहोटीला वरळीच्या खडकांवर गेले. तिथे एका उथळ डबक्यात, दुपारी हाताला चटका लागेल अशा पाण्यात, एक प्रवाळ खुशाल रंग राखून बसला होता. त्याच्या अंगावरची जराशी बुळबुळ कापसाच्या बोळ्यावर घेतली. प्रयोगशाळेत तिच्यातले जिवाणू वाढवले, उपद्रवी बाजूला काढले आणि उरलेले टाकीतल्या प्रवाळांना थेंबाथेंबाने दिले. मग ऑक्टोबरची वाट बघितली. आई टोपाचं झाकण उचलायची तशीच मी रोज सकाळी टाकीचं उचलायची, एका बाजूने, हळूच, आधी नाक पुढे.

रंग टिकला. एकही दगड पांढरा पडला नाही. महिना उलटला त्या दिवशी मी सगळ्या प्रयोगशाळेला आंबोळ्या खाऊ घातल्या, आणि कोणाला कारण सांगितलं नाही.

मला ठाऊक आहे, चमच्याने समुद्र निवत नाही. तो तापवणारे हात वेगळे आहेत, मोठे आहेत, आणि मूठभर दगड वाचले म्हणून त्यांचा हिशेब चुकता होत नाही. संपही आम्ही जिंकलो नाही. दादा पुन्हा रिंगखात्यात गेले नाहीत. गिरणीच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत आणि आमच्या चाळीच्या जागी टॉवर. पण दादांनी शेवटपर्यंत पीठ वाटलं, आईच्या गाड्यावर मी शिकले, आणि परबकाकूंच्या वाटीतलं पीठ त्याच टॉवरच्या विसाव्या मजल्यावर, आमच्या घरात, आजही दर रात्री वर येतं. हरलेल्या लढाईतसुद्धा एखादी खिंड जिंकलेली असते. ती जिंकलेली खिंड मी हरलेल्यात धरणार नाही.

दगड परत सोडायचे होते तो दिवस आला. आई हटून बसली, मलाही यायचंय. तिला खडकांवर उतरवणं शक्य नव्हतं, म्हणून कठड्याशी खुर्ची ठेवली आणि एक दगड टबात घालून तिच्यापुढे आणला. तिने वाकून बघितलं.

“ह्ये पवळं? असलं मळकट? ह्याला कोन अंगठीत घालील?”

“हा जिवंत आहे, आई. म्हणून असा.”

“आन् तू त्याला जंतू घातलेस म्हन्तीस.”

“हो.”

मग मान वर करून, अगदी व्यवहाराचं विचारावं तसं तिने विचारलं, “कुनाच्या टोपातले?”

“शेजारच्या खडकावरचे,” मी म्हटलं.

तिने टबात बोट बुडवलं आणि नाकापाशी नेलं. खूप वेळ वास घेतला.

“जितं हाय,” ती म्हणाली. “जा, सोड.”